मल्लूअण्णांचा झरा

कुणाच्याही घरी मल्लूअण्णांना पाण्याचा पेला दिला, की ते आधी खिशातून पीएच मोजायची पिवळ्या कागदाची पट्टी काढतात आणि पेल्यात बुडवतात. पट्टी रंग बदलेपर्यंत तहान थांबते. मग डबीवरच्या रंगांशी ती जुळवून निकाल देतात, "साडेआठ! ह्ये पाणी न्हाय, साबण हाय." घरच्यांनी हसावं की रागवावं हे ठरेपर्यंत अण्णांनी चपला घातलेल्या असतात.

अण्णा माझे घरमालक. सोलापुरात मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहतो. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच, आणि विषय रसायनशास्त्र. हे कळल्यापासून ते मला 'सायंटिस' म्हणतात. मी अजून दुसऱ्या वर्षालाच आहे, असं सांगितलं तर म्हणतात, "व्हशील की."

नळाला पाणी आलं की गल्ली हंडे घेऊन धावते. अण्णा कट्ट्यावर बसून सगळ्यांची कीव करतात. ते पितात फक्त झऱ्याचं पाणी. झरा मंगळवेढ्याजवळ, त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, गौराक्कांच्या शेतात. दर रविवारी अण्णा दोन कॅन घेऊन एसटीने जातात आणि येताना कॅनना खिडकीजवळची सीट देतात. एकदा कंडक्टरनं कॅन खाली ठेवायला सांगितले. अण्णा म्हणाले, "जिवंत पाणी हाय ह्ये. तू बस की खाली."

खरं तर गौराक्का अण्णांशी बोलत नाहीत. कारण पट्टीच. भाचीच्या, म्हणजे आक्कांच्या मुलीच्या, साखरपुड्यात व्याह्यांनी लिंबू सरबत दिलं. अण्णांनी पट्टी बुडवली आणि भर मांडवात जाहीर केलं, "तीन! सरबत न्हाय, बॅटरीतलं पाणी हाय!" लग्न कसंबसं झालं, पण आक्कांनी भावाशी बोलणं सोडलं. पाणी मात्र तोडलं नाही. तिकडे दुष्काळी भागात कितीही वैर असलं तरी पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.

एका रविवारी अण्णा मलाही घेऊन गेले. "झऱ्याचं पाणी कॉलेजात तपास. शिक्क्याचा कागद आण, गल्लीत लावतो."

ओढ्याच्या काठी दगडांच्या फटीतून पाणी झिरपत होतं. खाली डबकं, डबक्यात म्हैस, आणि काठावर गौराक्का. आम्हाला बघून त्या म्हशीला म्हणाल्या, "आला बग सोलापूरचा डाक्टर. इचार त्याला, बीपीची गोळी घेतोय का न्हाय."

अण्णाही म्हशीलाच म्हणाले, "घेतोय म्हणावं. तिचा गुडगा कसा हाय?"

"दुखतोय की. पर बगायला कोण येतंय?"

"मग दर आयतवारी कोण येतंय म्हणावं, बिबट्या?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. म्हैस रवंथ करत होती, आणि पाण्यात उभं राहून जनावरं आणखी जे करतात, तेही करत होती. अण्णांनी त्याच डबक्यात कॅन बुडवले, आणि मी सरांनी दिलेल्या निर्जंतुक बाटलीत तिथलंच पाणी भरलं.

अहवाल आला. मी तो घेऊन खाली गेलो.

"पीएच सात पॉइंट चार आहे, अण्णा. उत्तम."

"मी काय म्हणत हुतो!"

"पण पाण्यात शेणातले जंतू आहेत. पट्टीला जंतू कळत नाहीत. पिण्यालायक नाही, असं लिहिलंय."

अण्णांनी माझ्या हातातून कागद घेतला. एवढं उतरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. मला उपाय माहीत होता, म्हणून घाईनं सांगितला, "म्हैस तिथून लांब बांधली ना, की झरा आपोआप..."

"न्हाय."

"अण्णा, तेवढंच करायचंय."

"म्हैस लांब बांधली तर आक्का बोलंल कुणाशी?"

अण्णांनी कागदाची घडी घातली, उशीखाली सरकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन झऱ्याच्या पाण्याचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

"सायंटिस," ते आतून म्हणाले, "किती उकळायचं, तेवढं सांग."