सरनोबतकाका आणि शाळेचं छत

कुणाच्या घरी गेलं की आपण आधी माणसांकडे बघतो, मग सोफ्याकडे, आणि जमलंच तर शोकेसमधल्या बाहुल्यांकडे. सरनोबतकाका आधी वर बघायचे, छताकडे. दारातच मान मागे टाकून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवली की मगच चप्पल काढायची. तोवर "या, या" म्हणणारा यजमान ताटकळलेला. लखनौत आमच्या इंदिरा नगरच्या घरात त्यांची जागा ठरलेली होती. बैठकीच्या दारात, बरोबर चौकटीखाली. तिथेच त्यांचा वेताचा मूढा मांडायचा, तिथेच चहा द्यायचा, आणि घरातल्या बाकीच्यांनी अंग चोरून ये-जा करायची. चौकट सगळ्यात शेवटी पडते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, घर पडायच्या आधी तुमचा चहा गार होईल. तर शांतपणे म्हणाले, "बघून ठेवलेलं बरं."

हे त्यांचं पालुपद होतं. मुळात लग्नही त्याच्यामुळेच राहिलं म्हणे. बघून ठेवलेलं बरं म्हणत तरुणपणी मुली बघतच राहिले.

आडनाव सरनोबत, मूळ कोल्हापूरकडचे. पूर्वज घोडदळाचे सेनापती वगैरे असणार. हे मात्र टांग्याचा घोडा दिसला की रस्त्याची बाजू बदलायचे. कुकरची दुसरी शिट्टी झाली की अंगणात. माकडं दिसली की हातातली पिशवी तिथेच ठेवून मागे सरकायचं, "घ्या बाबांनो" म्हणून. जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, जिथे आपल्याला पदर नकोसा होतो तिथे, हे स्कूटरवर लोकरी मफलर गुंडाळून. का, तर पतंगाचा मांजा गळ्यावर येतो. लखनौच्या लोकांना पतंगाचं वेड फार, ते खरंच, आणि आमच्या गल्लीतल्या एकाच्या गळ्याला टाके पडले होते तेही खरंच. त्यांच्या भीतीचं हेच तर दुखणं होतं. हसायला जावं, तर आत कुठेतरी खरं निघायचं आणि आपल्यालाच घाम फुटायचा.

रेल्वेत होते, पुलांच्या तपासणीवर. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरला का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वाटेवरचे कितीतरी पूल मीच पास केलेत, वहिनी. सगळे उत्तम आहेत. पण माझ्याकडून काही बघायचं राहिलं असेल तर?" मी त्यांना आणखी एक शंकरपाळी दिली.

मी सातारची. घाबरणं आमच्यात बसत नाही, असा माझा तेव्हा समज होता. शिक्षणहक्काचा कायदा नुकताच आला होता आणि आम्ही कॉलनीतल्या चार-पाच बायकांनी मागच्या वस्तीतली सरकारी प्राथमिक शाळा सुधारायचं मनावर घेतलं होतं. वस्तीत घरोघर जाऊन मुलांची नावं घालायला लावायची, नळ आणवायचा, संडासाला दार बसवायचं. शाळा म्हणजे एक लांबलचक खोली, पुढे व्हरांडा, आणि सगळ्या इयत्ता एकट्या ओढणाऱ्या शबाना मॅडम. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या रामदुलारीची मुलगी सीमा तिथेच चौथीत होती. मोहीम जोरात होती. मुलं वाढली, चटया आल्या, आणि मग आम्ही दोन पंखे आणले.

पंखे टांगायच्या आधी छत बघायला मीच काकांना नेलं. चेष्टाच जास्त होती त्यात. एवढं छताचं वेड आहे तर बघा म्हटलं पोटभर. त्यांनी पिशवीतून छोटी हातोडी काढली, एका लांब बांबूच्या टोकाला बांधली आणि खालून छत वाजवायला सुरुवात केली. एक ठोका, कान देऊन थांबायचं, मग दुसरा ठोका. दाराकडून निघाले होते. अर्ध्या खोलीपर्यंत ठण, ठण असा भरीव आवाज येत होता. पुढच्या ठोक्याला डबा वाजवल्यासारखा आवाज आला. त्याच्या पुढच्यालाही तसाच. मी हसत काहीतरी बोलायला गेले तर काकांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "मुलांना बाहेर काढा," म्हणाले. आवाजही चढवला नाही.

आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या, गिलावा नुसता लटकत होता. मी लगेच अर्ज करायच्या तयारीत. शबाना मॅडमनी माझा हात धरला. अर्ज केला की कुणीतरी येणार, शाळेवर 'जर्जर' असा शेरा मारणार, कुलूप लावणार, आणि मुलांची नावं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालणार. त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक. मुलगे कसेबसे जातील, मुली घरी बसतील. मला हे जरा अति वाटलं, म्हणून रामदुलारीला विचारलं. ती भांडी घासता घासता म्हणाली, "सड़क पार तो नहीं भेजेंगे, दीदी. अपने साथ काम पे ले आएँगे." म्हणजे माझ्याच मोरीत. सीमा, जिला आम्ही नुकता तेराचा पाढा पाठ करायला लावला होता, ती माझीच कढई घासणार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

छताखाली बसवलं तर जीव जाईल, सांगितलं तर शाळा जाईल. काका दोन दिवस फिरकले नाहीत. मी आमच्या ह्यांना म्हटलं, पळाले तुमचे सरनोबत.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर हातगाडी उभी. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मांडवाचं सगळं सामान काकांच्या गॅरेजमध्ये असायचं, त्यातल्या जाड जाड बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, त्यांनी आणल्या होत्या. गाडीवाल्याला आणि एका सुताराला हाताशी धरून संध्याकाळपर्यंत त्यांनी वाईट भागाखाली दाट टेकू उभे केले. मग खोलीच्या मधोमध खडूची जाड रेघ ओढली. दाराकडचा अर्धा भाग मुलांचा. रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. आणि कुणी जाऊ नये म्हणून रेघेपलीकडे, टेकूंच्या रांगेत, स्वतः खुर्ची टाकून बसले.

रोज. शाळा भरायच्या आधीपासून सुटेपर्यंत, मान वर करून. वरून चिमूटभर जरी माती पडली तरी हात वर करायचे, आणि मुलांनी दप्तरं तिथेच टाकून पटांगणात धूम ठोकायची. दिवसातून एकदा विनाकारणही हात वर व्हायचा, सवय राहावी म्हणून. मुलांना हा खेळ इतका आवडला की गैरहजेरीच बंद झाली. मधल्या वेळात काका त्यांना हातोडीची विद्या शिकवायचे. भिंत, फळा, माठ, डबा, जे हाताला लागेल ते वाजवायचं आणि भरीव की पोकळ ते ओळखायचं. मुलं एका सुरात ओरडायची: "ठोस!" किंवा "खोखला!" एका पोराने तर शबाना मॅडमच्या कपाटाला "खोखला" ठरवलं, आणि ते होतंही रिकामंच.

आता माझी अक्कल ऐका. रेघेलगतच्या बल्ल्यांच्या कुसळांनी मुलांचे हात सोलवटायला लागले, शिवाय तो उघडावाघडा सांगाडा बघून आया घाबरायच्या. म्हणून मी मांडवाचंच लाल-पांढरं कापड आणून सगळ्या बल्ल्यांना गुंडाळलं. वर झालर, मध्ये मध्ये गोंडे. खोली अशी सजली की आता फक्त मूर्ती यायची बाकी.

मूर्तीऐवजी साहेब आले. शिक्षणखात्याचे, न सांगता. गाडीतून उतरले, दारात आले आणि ती सगळी सजावट बघून एकदम खूश. आपण येणार हे यांना कसं कळलं, एवढं कशाला केलंत, असं लाजत लाजत म्हणाले. रेघ ओलांडून सरळ मधोमध गेले आणि आरामात एका बल्लीला टेकून उभे राहिले. बल्ली करकरली. शबाना मॅडमनी डोळे मिटून घेतले. सातारची म्हणवणारी मी, नुसता पुतळा.

काकांना साहेब लोकांची भीती मांज्याहून मोठी. इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही वरिष्ठांसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची, हे त्यांनीच मला सांगितलेलं. ते खुर्चीतून उठले.

"साहब, उससे हट जाइए," ते म्हणाले. "ये सजावट नहीं है. छत इसी पर टिकी है."

साहेबांनी एकदा वर बघितलं. मग ते ज्या चपळाईने दाराबाहेर गेले, तितकी चपळाई आमच्या कवायतीत पहिलीच्या मुलांनाही जमली नव्हती. बाहेरून आवाज चढला. मुलांना मारायचं आहे का, आज आत्ता शेरा मारतो, उद्यापासून शाळा बंद. सीमा दप्तर पोटाशी धरून उभी होती. ते 'बंद' ऐकून मला रडूच यायला लागलं.

काका बांबू घेऊन बाहेर गेले आणि तो साहेबांच्या हातात दिला. त्यांना एवढंच म्हणाले, की लिहायच्या आधी एकदा वाजवून बघा, दारातूनच पोहोचेल. साहेबांनी उंबऱ्यावरूनच हात लांबवून अलीकडच्या छतावर ठोका मारला.

"ठोस!" सगळी शाळा ओरडली.

साहेब दचकले. दुसरा ठोका. "ठोस!" सगळा बांबू ताणून, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून, त्यांनी रेघेपलीकडे ठोकलं. "खोखला!" साहेबांनी ठोका देऊन थोडा वेळ कान दिला. मग पुन्हा अलीकडे, पुन्हा पलीकडे. चौथ्या-पाचव्या ठोक्याला ते मुलांच्या आधीच पुटपुटायला लागले. आवाजातला फरक त्यांनाही कळत होता. अर्धं छत चांगलं आहे, अर्ध्याचीच दुरुस्ती लागेल, हे काकांनी त्यांना हात जोडून सांगितलं. शाळा बंद करायची गरज नाही.

"और तब तक कुछ हो गया तो? ज़िम्मेदारी कौन लेगा?"

काकांनी मफलरने कपाळ पुसलं. "मैं लूँगा," म्हणाले, आणि लिहूनही दिलं.

शाळा वाचली, पण काकांची झोप गेली. हिवाळा सरला, होळी झाली, दुरुस्ती आज येते उद्या येते. पंखे माझ्या माळ्यावर पडून. काकांची तब्येत उतरत चालली होती. मी डबा न्यायची तर घास हातात आणि डोळे वर. एकदा म्हणाले, सही केल्यापासून डोळा लागला की वरून आवाज येतो.

एप्रिलमध्ये एक दिवस मी तिथेच होते. मॅडम गोष्ट सांगत होत्या. काकांचा हात वर गेला आणि मुलं नेहमीसारखी हसत, ढकलाढकली करत बाहेर पळाली. मीही रमतगमत निघाले. मागे धाडकन आवाज झाला आणि दारातून पांढरा लोट आला. गिलाव्याचा मोठा थर खुर्चीला लागून कोसळला होता. त्या दोन क्षणांत मला जेवढे देव माहीत होते तेवढे सगळे आठवले. मग धुळीतून काका बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. मुलांना रांगेत उभं केलं. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत शेवटापर्यंत गेले, पुन्हा उलटे आले. सीमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच मातीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले. भीतीने रडत होते. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं आणि कुणीतरी त्यांचे केस झटकायला लागलं.

त्यानंतर मात्र चक्रं फिरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईट भाग पाडून नवा स्लॅब पडला. जुलैत शाळा उघडली तेव्हा छत दुधासारखं पांढरं होतं, पंखे गरगरत होते, रेघ पुसली गेली होती, आणि मुलं खोलीभर पसरून बसली होती.

आणि काका त्यांच्या खुर्चीत, मान वर.

मी जवळ जाऊन म्हटलं, काका, सुटलात आता, घरी जाऊन खुशाल झोपा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, की पंख्याच्या बाजूला एक बारीक भेग वाटतेय. मी डोळे फाडून बघितलं. भेग कसली, डागही नव्हता. मी तसं म्हणणार, तेवढ्यात शबाना मॅडमनी फळ्याकडून मला नजरेने गप्प केलं.

शाळा सुटल्यावर आम्ही बरोबर निघालो. काका म्हणाले, "छत फार छान झालंय, वहिनी. माझ्या जन्मात पडत नाही ते."

"मग भेग?"

"भेग नाही." ते रस्त्यातच थांबले. "घरी ज्याच्या डोक्यावर काही पडेल म्हणून काळजी करावी, असं कुणी नाही ना. तिथे मला फार भीती वाटते."

त्यांना घरापर्यंत सोडलं आणि घाईघाईने तशीच परत शाळेत गेले. शबाना मॅडम कुलूप लावत होत्या. मी म्हटलं, मॅडम, काकांना सांगा की नव्या छताकडे अजून लक्ष ठेवायला हवं.

त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली. "कह दिया है," त्या म्हणाल्या. "सुबह ही कह दिया था, कि नई छत का भरोसा नहीं, आपको रोज़ आना पड़ेगा."