नाखव्यांची फळी

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात चहा चाकांवरून यायचा. एका हातात सहा ग्लासांचा ट्रे, दुसरा हात हवेत, पायाखाली स्केटबोर्ड आणि तोंडाने आरोळी, "भरती हाय, बाजूला व्हा!" पन्नाशी उलटलेले आमचे शिपाई नारायण नाखवा लांबलचक व्हरांड्यातून असे सरसरत यायचे. थेंब सांडायचा नाही.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. साहेबांचा अमेरिकेतला भाचा सुट्टीला आलेला, तो जाताना ती चाकांची फळी मागे टाकून गेला. एक चाक डगडगत होतं. भंगारात जायची, ती नाखव्यांनी मागून घेतली. पहिल्या दिवशी तीनदा आपटले. चौथ्यांदा उभे राहिले ते थेट भिंतीपर्यंत गेले. मी धावलो, तर भिंतीला टेकून हसत होते आणि डोळ्यांत पाणी.

"लागलं का हो?"

"नाय रे भाऊ. होरीवानी हलतंय."

होडीला ते होरी म्हणत. कळव्याकडच्या कोळीवाड्यातला जन्म, चाळिशीपर्यंत खाडीतली मासेमारी. मग कारखान्यांचं पाणी खाडीत आलं, जाळं रिकामं यायला लागलं. होडी विकून नाखवा आमच्याकडे स्टुलावर बसले. "दहा वरसं नुसती बेल ऐकली," ते म्हणायचे, "पाय आपलं काम इसरून गेलते."

एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या पायावरून चाक गेलं. साहेबांनी चिडून परिपत्रक काढलं, 'व्हरांड्यात चाकांच्या कोणत्याही साधनाचा वापर करू नये.' ते टेबलाटेबलावर फिरवून सह्या घ्यायचं काम अर्थात शिपायाचं. नाखव्यांनी ते फळीवरूनच फिरवलं. सह्यांचा कागद परत द्यायला आले तेव्हा साहेबांनी त्यांच्या पायांकडे पाहून कपाळाला हात लावला.

"येलेवर पोचला ना कागद?" नाखवा म्हणाले.

दिवाळीनंतर ते अचानक यायचे थांबले. निरोप नाही, रजेचा अर्ज नाही. दुसऱ्या रविवारी मी डोंबिवलीहून कोळीवाड्यातल्या त्यांच्या घरी गेलो. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "धक्क्यावं बगा."

धक्क्यावर त्यांची बायको यशोदाबाई त्याच फळीवर बसलेल्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. फळीला मागे खोक्याची फळकुटं ठोकून नाखव्यांनी पाठ केलेली, खाली उशी. ते वाकून हळूहळू ढकलत होते.

"गल्लीत रिक्षा येत नाय," मला पाहून म्हणाले. "आन हिला खारी बगायची असते."

आम्ही खाडीच्या पाण्याकडे तोंड करून बसलो. यशोदाबाईंचा पदर सारखा करत ते आपणहून बोलले.

"आमी दोगंच जायचू खारीत. मी पुढं उबा, जालं टाकायला. ही मागं, वल्हं धरून. होरी गेली तशी ही बाजारात, मी हापिसात. दिवसभर तोंड दिसंना. म्हून ती फली, भाऊ. तिच्यावं उबा ऱ्हायलो का वाटायचं, ही मागं बसलीय."

यशोदाबाईंनी डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं.

थंडी सरायच्या आत त्या गेल्या. दिवसकार्य आटोपून नाखवा कामावर आले. चहा आता पायी यायचा, निवलेला.

महिन्याभराने मी पुन्हा धक्क्यावर गेलो. ओहोटी लागली होती. नाखवा फळीवर उभे होते, पण पार पुढच्या टोकाला, अंग चोरून. मागची फळकुटं तशीच ठोकलेली, उशीही तिथेच. दोन हात पुढे गेले की फळी कलंडायची, ते सावरून पुन्हा चढायचे. गुडघे सोललेले.

मला राहवेना. "नाखवा, ती मागची पाठ काढून टाका हो. पडाल अशाने."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही विसरलोय.

"मंग ती कुठं बसंल?" ते म्हणाले.