कुहीच्या ओढ्यातला समुद्र

कागदावर चिकटलेलं ते शैवाल अंगठ्याच्या नखाएवढं होतं, आणि त्याच्या डाव्या कडेला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा होता. कागद दिव्याखाली तिरका धरला की तेवढीच जागा चकाकायची. डॉ. सत्यवती गजभियेने भिंगातून तो पापुद्रा बराच वेळ न्याहाळला आणि ठरवलं, की हा शैवालाचाच वाळलेला बुळबुळीतपणा असणार. गोड्या पाण्यातली लाल शैवालं बुळबुळीत असतातच. लाल मात्र ती क्वचितच असतात. पण हे लोकांना समजावण्यात सत्यवतीची निम्मी नोकरी संपली होती.

नमुना तिच्या गुरूंनी, मधुकरराव देवपुजारींनी, तरुणपणी नागपूरजवळच्या कुहीकडच्या एका ओढ्यातून आणला होता. ही नवी प्रजाती आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि तिला बायकोचं, यमुताईंचं, नाव दिलं: यमुनाई. शास्त्रीय नावात बायको बसवणारा नवरा नागपूरच्या अख्ख्या महाल भागात दुसरा नव्हता.

अडचण एवढीच होती, की सूक्ष्मदर्शकाखाली यमुनाई त्याच ओढ्यातल्या नेहमीच्या शैवालासारखी दिसत होती. सत्यवतीचं विदर्भातल्या शैवालांवरचं पुस्तक या एका पानावर कित्येक वर्षं अडून बसलं होतं. यमुनाईला वेगळी म्हणावं, तर शास्त्राशी बेइमानी. नाही म्हणावं, तर सरांना तोंडावर सांगावं लागणार. शेवटी तिने डीएनए तपासायचं ठरवलं. डीएनएला कुणाच्या घरी चहाला जायचं नसतं.

मधला भाग जपायचा, म्हणून तिने चिमट्याने त्या चकाकत्या कडेचाच कण उचलला. निकाल आला: समुद्रातलं लाल शैवाल.

नागपुरात समुद्र नाही, एवढा भूगोल सत्यवतीला ठाऊक होता. पहिला संशय तिने स्वतःच्याच प्रयोगशाळेवर घेतला. तिथे जिवाणू वाढवायला अगार वापरत, आणि अगार समुद्री लाल शैवालापासूनच बनतं. तिने ओटे घासले, भांडी उकळली आणि कडेचा दुसरा कण परगावच्या प्रयोगशाळेत पाठवला. निकाल तोच. मग तिने सरांना फोन केला.

"सर, यमुनाईचा निकाल समुद्री शैवालाशी जुळतोय. पण मला वाटतं..."

"समुद्री?"

"हो, पण सर, कुठेतरी भेसळ..."

"यमे! ऐकून राहिली का? तू समुद्रातली निघालीस!"

तिकडे सरांचा फोन पलंगावर आदळला आणि पुढचं स्पष्टीकरण सत्यवतीने उशीला ऐकवलं.

सरांनी दुपारपर्यंत एका वार्ताहराला गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, 'नागपूरजवळ प्राचीन समुद्र?' त्यातलं प्रश्नचिन्ह फार बारीक होतं. त्याच दिवशी तिला एक अनोळखी फोन आला.

"म्याडम, वढ्याच्या गावचा सरपंच बोलून राहिलो. आमच्याकडे समुद्र होता म्हन्ता. मंग बोटिंग सुरू करू का?"

"अहो, नका करू!"

"काहून? खारं पानीच लागते का त्याले?"

माजी विद्यार्थ्यांनी रविवारी सरांचा सत्कार ठरवला. शंखाच्या आकाराचं सन्मानचिन्ह बनायला गेलं.

सत्यवतीने आता जीव मुठीत धरून नमुन्याच्या अगदी मधला कण घेतला. यावेळी समुद्राचा मागमूस नव्हता. मधली यमुनाई अक्षराला अक्षर ओढ्यातलं नेहमीचं शैवाल निघाली.

शनिवारी ती स्कूटीवरून महालात सरांकडे निघाली. प्रत्येक सिग्नलला ती सांगायचं वाक्य घोकत होती. घर येईपर्यंत त्या वाक्यात इतके 'परंतु' शिरले, की क्रियापदच बाहेर पडलं.

सर आतल्या खोलीत भाषणाची तालीम करत होते. यमुताईंनी तिला थेट स्वयंपाकघरात बसवलं.

"काय वं, किती वाळलीस! आधी हे खा."

बशीत पांढरी, थरथरती वडी होती. खिडकीच्या उजेडात तिची कड पारदर्शक दिसत होती आणि चकाकत होती. सत्यवतीचा चमचा हवेतच थांबला.

"काकू, हे काय आहे?"

"चायना ग्रास. आधी पाण्यात उकळायचं, मग दुधात घालायचं, थंड केलं की झालं. तुमच्या प्रयोगशाळेत नाही मिळत?"

मिळत होतं. तिथे त्याला अगार म्हणत.

"काकू, सरांचे नमुने कधी स्वयंपाकघरात आले होते का?"

यमुताईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला कोणी सांगितलं? एकदाच, बाप्पा. आमचे हे, कागद पसरून, अंघोळीला गेले. मी टेबल पुसायला गेले, तर ते शेवाळ सुटलं ना! गोंद वाळलेला. गॅसवर हेच पाण्यात उकळून राहिलं होतं. लावलं बोटानं. निघालं का आता?"

"नाही. फारच घट्ट बसलंय."

"मग?"

"काकू, तो समुद्र तुमच्या पातेल्यातला आहे."

दाराशी भाषणाचा कागद घेऊन मधुकरराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली.

"सुटलो. 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं, तेच सुचून नव्हतं राहिलं." मग त्यांनी मान वर केली. "मधला भागही तपासला असशीलच. त्याचं काय निघालं?"

सत्यवतीने यमुताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहून राहिली? सांग. माहेरी मला शेवाळमावशी म्हणतात. भाचीच्या पत्रिकेत छापायचं तेवढं राहिलंय."

"मग बोलली काहून नाहीस इतकी वर्षं?" मधुकरराव दुखावले.

"तुम्ही इतक्या हौसेनं ठेवलेलं नाव! मी कशी बोलणार?"

"मला तर पुढच्याच पावसाळ्यात शंका आली होती. पण तू शेजारणींना तो छापील लेख दाखवत फिरत होतीस."

"ते तुमच्यासाठी!"

आधी यमुताईंना हसू फुटलं. मधुकरराव डोळे पुसेपर्यंत हसले. सत्यवतीच्या खांद्यांवरचं ओझं हळूहळू उतरलं. एवढंसं ते शैवाल तिघांनी तीन बाजूंनी उचलून धरलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं, की आपण हात काढला तर दुसऱ्याला लागेल.

मधुकररावांनी चष्मा काढला, पाठ ताठ केली आणि तोंडी परीक्षेतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "गजभिये, निष्कर्ष. मोठ्यानं."

सत्यवती उठून उभी राहिली.

"यमुनाई ही वेगळी प्रजाती नाही, सर."