मास्तरांनी टायरचं माप घेतलं

माप घेण्यात शिंपी मास्तरांचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता! बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांनी तिची कंबर नजरेनं मोजलेली असे. त्यावर दोन इंच माया शिलाईत गुपचूप ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी बाई सुटली तरी कुणाला कळू न देता उसवून देता येतं. मोठं शिवलेलं वाया जात नाही, हा त्यांचा धर्मच.

तर गाडीचे टायर टकलासारखे गुळगुळीत झाले, तेव्हा मास्तर गळ्यात टेप घालूनच टायरवाल्याकडे गेले. घाई होती. दुपारी एका नवरीचा पोशाख पोचवायचा होता, संध्याकाळी लग्न. पोशाख उशिरा गेला तर नवरी घरच्या कपड्यांवर आणि मास्तरांची अब्रू चव्हाट्यावर!

"साइज काय?" टायरवाल्यानं विचारलं.

जुन्या टायरांवरचे आकडे फुटपाथला घासून घासून दिसेनासे झाले होते.

"गाडीचं दार उघडा. आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर बघू."

"लेबल?" मास्तर कडाडले. "अहो, लेबलावरचं माप आजवर कुणाला बसलंय? सरका!"

गुडघे टेकून त्यांनी टायरभोवती टेप गुंडाळली. "श्वास सोडा" एवढंच म्हणायचं बाकी राहिलं!

"याच्यापेक्षा जरा ऐसपैस द्या."

"घासेल हो, मास्तर."

"घट्ट असतं ते घासतं. सैल कसं घासेल?"

मोठे टायर टायरवाल्याकडे कधीचे धूळ खात पडले होते. "गाडी तुमची, मर्जी तुमची," म्हणत त्यानं चारही चढवून दिले.

मागच्या सीटवर पोशाख ऐसपैस पसरला. बायको पुढं बसली. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यावरून चालल्यासारखी गेली.

"बघितलंस? याला म्हणतात माप!"

तेवढ्यात पहिलं वळण आलं. मास्तरांनी स्टिअरिंग फिरवलं आणि खालून आवाज आला, घर्रर्रर्र! जणू कुणी पत्र्याचा डबा किसणीवर किसतंय.

"अहो, काय मोडलं?"

मास्तरांनी उतरून वाकून पाहिलं. चाक वळलं की वरच्या पत्र्याला घासत होतं, आणि नेमकं बायको बसली होती त्याच बाजूचं. त्या बाजूचं वजन कमी झालं असतं तर चाक न घासता वळलं असतं. पण बावीस वर्षांच्या संसारात हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार?

"तू जरा उतरतेस का? पाय मोकळे होतील."

"आत्ताच तर बसले!"

"उतर गं. हवा छान आहे."

ती उतरली. गाडी निमूट वळली. ती बसली. पुढच्या वळणावर मास्तर पुन्हा खाकरले.

"परत पाय मोकळे?" बायकोनं डोळे बारीक केले. "सरळ सांगा की, मी जड झालेय!"

"छे! गाडीच्याच अंगात आलंय."

"आणि परवा माझे कपडे उसवून सैल केलेत, तेही गाडीसाठीच का?"

मास्तरांना ठसका लागला. तेवढ्यात नवरीच्या आईचा फोन. "मास्तर, पोरगी रडायला लागलीये! कुठे आहात?"

"वळणावर!"

शेवटची गल्ली तर सापासारखी नागमोडी. बायकोनं उतरून दार धाडकन लावलं. "मी काय उठाबशा काढायला आलेय? द्या तो पोशाख इकडे!" दोन्ही हातांवर तो आडवा घेऊन ती ताठ मानेनं चालू लागली. मागून मास्तर गोगलगायीच्या चालीनं. दुकानदार बाहेर आले. सायकलवाले उतरून बाजूला झाले. एका आजोबांनी तर हातही जोडले!

नवरीच्या आईनं दारातच बायकोला मिठी मारली. थोड्या वेळानं आतून निरोप आला, पोशाख बसला! अगदी अंगावरच शिवल्यासारखा! मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

मग बाहेर येऊन, कुणी बघत नाही अशी खात्री करून, त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि चष्मा लावून लेबल वाचलं. एकशे पासष्ट. खाली टायरवर एकशे पंच्याऐंशी.

"बदलून आणतो उद्या," ते पुटपुटले.

"आज," बायको मागूनच म्हणाली. पण तिला हसू फुटलं आणि मग दोघंही गाडीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

इतक्यात लग्नाला आलेली एक बाई लगबगीनं आली. "मास्तर, पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. पोशाख तुम्हीच शिवायचा! पण आणायचा मात्र अस्साच हं. बाई पुढे, गाडी मागे. काय तो थाट!"

मास्तरांनी घाबरून बायकोकडे पाहिलं.

"आणू की," बायको गोड हसून म्हणाली. "फक्त गाडी मी चालवीन. पुढे हे चालतील!"