नागनाथचं स्थळ

परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या नागनाथनं झरीला वडिलांना पोस्टकार्ड टाकलं आणि तिथंच घात झाला. मलेरियाच्या जंतूच्या प्रथिनात औषधाचा रेणू नेमका कुठं अडकून बसतो, हे तो कॉलेजच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर दोन वर्षं शोधत होता. वडील सटवाजी यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्यानं त्या जागेच्या 'साइट' या इंग्रजी नावाचं शुद्ध मराठी करून लिहिलं, 'दोन वर्षं शोधत होतो ते स्थळ सापडलं. जोडी घट्ट जुळते आहे. रविवारी पक्कं होईल, मग पुण्याच्या सरांना कळवतो.'

पोरगा चौतिशीला टेकलेला. झरीत ते कार्ड निम्म्या गावानं वाचलं.

रविवारी सकाळी, कॉम्प्युटरवर पाच दिवस चाललेली आकडेमोड संपायला दोनच तास उरले होते. तेवढ्यात कॉलेजच्या दारात टेम्पो थांबला. सटवाजी, आई कडूबाई, मुंजाजीकाका आणि मागं नऊ माणसं नारळ, साडी, पेढे घेऊन थेट कॉम्प्युटरच्या खोलीत नागनाथपुढं आली.

"सूनबाई कुठाय?" कडूबाईनं विचारलं.

"कोण सूनबाई?"

"तूच लिवलास की. स्थळ सापडलं म्हनून."

नागनाथनं पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांकडं बोट केलं. "हे ते स्थळ, आई. मलेरियाच्या जंतूचं."

कडूबाईनं ठिपक्यांकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं आणि घेरी येऊन ती मटकन खाली बसली.

"वारा घाला तिला," सटवाजी म्हणाले. कोपऱ्यात टेबलफॅन होता, पण भिंतीत बोर्ड एकच. मुंजाजीकाकांनी त्यातली वायर उपसून पंख्याची खोचली. पंखा फिरला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"काका, पाच दिवस गेले," नागनाथ एवढंच बोलला. त्याचा चेहरा बघून काकांनी पंखा मुकाट्यानं त्याच्याकडं वळवला.

थोड्या वेळानं त्यानं पंखा काढून कॉम्प्युटर पुन्हा लावला; सगळं पहिल्यापासून करायचं, तर आत भरलेले अणूंच्या जागांचे आकडे आधी वहीशी ताडून घ्यावेत असं ठरवलं. ओशाळलेल्या सटवाजींनी वही उचलली. "आकडे येतेत मला. मी वाचतो, तू बग."

तास उलटला.

"उणे बारा," सटवाजी म्हणाले.

पडद्यावर नुसते बारा होते.

"पुन्हा वाचा, बाबा."

"उणे बारा. तुझंच अक्षर हाय."

नागनाथनं वहीत डोकावून पाहिलं; उणेचं चिन्ह कॉम्प्युटरमध्ये टाकायचंच राहिलं होतं. प्रथिनाचा एक अणूच त्यानं भलत्या बाजूला नेऊन ठेवला होता. त्यामुळं तिथं पोकळी दिसत होती. खरं तर औषधाला तिथं बसायला जागाच नव्हती, आणि हा निकाल तो आज ट्रंककॉल करून पुण्याच्या मार्गदर्शक सरांना कळवणार होता.

"काय झालं रं?" सावरलेल्या कडूबाईनं विचारलं.

"जुळतच नव्हतं, आई. मुळातच खोट होती."

"मग आदीच कळलं ते लय बरं झालं." तिनं साडी पुन्हा पिशवीत कोंबली आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला. "खा. दुसरं बगू. परभनीत काय एकच जंतू हाय का?"