कौतुकाचा टप्पा

मनुष्यबळ विभागाच्या साहेबांनी कुलगुरूंना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "तीन विभागांचा एक विभाग करून दाखवतो, सर. एकाच्याही डोळ्यांत पाणी येणार नाही."

योजना सोपी होती. बंद होणाऱ्या विभागांतल्या शिक्षकांना एकेक करून बोलवायचं आणि कार्यालयीन कामावर जायला राजी करायचं. नवा विभाग उभा राहणार होता तो संख्याशास्त्राच्या बाईंच्या जिवावर. त्या गेल्या की सगळा डोलारा खाली. पण त्यांना कशाला बोलवायचं? त्यांनी तर साहेबांनाही शिकवलेलं. त्या घरच्याच.

*पहिला टप्पा: कौतुक*

समोर नकाशे शिकवणारे सर बसले. प्रशिक्षणात सांगितलं होतं, आधी भरपूर कौतुक, मग वाईट बातमी. साहेब सुरू झाले. सरांचा आवाज, सरांची शिस्त, सरांचं फळ्यावरचं अक्षर. जीभ वाईट बातमीपाशी येऊन अडायची आणि पुन्हा कौतुकाकडे घरंगळायची, शिकाऊ ड्रायव्हरची गाडी चढावर मागे यावी तशी.

सरांनी डोळे पुसले.

"खरं सांगू, साहेब? लवकर निवृत्ती घेतो, हे सांगायलाच मी आज आलो होतो."

"अं?"

"आता नाही घेत. माझी इथे एवढी किंमत आहे, मला माहीतच नव्हतं."

*दुसरा टप्पा: वाईट बातमी*

(इथपर्यंत कोणी पोचलंच नाही.)

*पुढचा टप्पा, जो योजनेत नव्हता*

साहेब आत बोलावतात आणि तोंडभरून कौतुक करतात, ही बातमी फुटली. दाराबाहेर रांग लागली. ज्यांनी जागा सोडायची, ते सगळे कंबर कसून राहायला तयार!

घरी बायकोनं विचारलं, "हललं का कोणी आज?"

"गहिवरले," साहेब म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

शेवटी बाई आल्या. न बोलावता. उभ्याउभ्याच म्हणाल्या,

"जाते रे मी. दुसऱ्या विद्यापीठानं बोलावलंय."

साहेब खुर्चीतून उठलेच. "बाई, तुम्ही गेलात तर नवा विभाग उभाच राहणार नाही. सगळं तुमच्या भरवशावर तर..."

"हे कधी बोललास?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"रोज तुझ्या दारावरून जात होते. आतून एकेकाची स्तुती ऐकू यायची. म्हटलं, मलाच तेवढं बोलावत नाही, म्हणजे मी नकोशी झालेय."

"थांबा ना, बाई."

"तिकडे शब्द दिलाय."

साहेबांचे कान तापले. गृहपाठ न करता याच बाईंच्या वर्गात उभं राहिल्यावर तापायचे, तसे. बाईंनाच शेवटी कीव आली. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"निरोपाच्या दिवशी माझ्याबद्दलही दोन शब्द बोल. छान बोलतोस, असं ऐकलंय."

निरोप समारंभ ठरवण्याचं कामही मनुष्यबळ विभागाकडेच होतं.