मिजाज विचारणारे जोगदंड सर

ऑफिसात कुणी नवा संगणक आणला की जोगदंड सर आधी एकच विचारतात, "मिजाज काय याचा?" मिजाज म्हणजे प्रोसेसरची जात. पण जात हा शब्द ते यंत्राच्या बाबतीतही तोंडातून काढत नाहीत. "माणसांत नको, तर मशीनमध्ये कशाला?" म्हणतात.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले सगळे डेटाबेस सर सांभाळतात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. मध्यंतरी साहेबांनी चार नवे लॅपटॉप आणले. नारळ फुटला, मी हळदीकुंकवाची वाटी घेऊन पुढं झाले, तोवर सरांनी एक लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यावर काहीतरी टाइपही केलं होतं. "थांबा. हळदीकुंकू मागून. याचा मिजाज निराळा हाय."

होताच. आमचा डेटाबेस कंटेनरमध्ये असतो, म्हणजे सगळ्या सामानासकट बांधलेल्या डब्यात. डबा कुठंही नेला तरी चालतो, अशी आमची समजूत. नव्या लॅपटॉपवर तो सुरूच होईना. डबा जुन्या प्रोसेसरच्या भाषेत बांधलेला, नव्याला ती भाषा येत नव्हती. मी खटपट करून मध्ये भाषांतराची सोय बसवली. डेटाबेस चालला, पण एक यादी उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा.

"दुभाष्या बसवलात व्हय?" सर म्हणाले. "दर शब्दाचा तर्जुमा करतंय बिचारं. लई दमतंय." मग दोन दिवस कुणाशी न बोलता त्यांनी नव्या प्रोसेसरसाठी वेगळा डबा बांधला. साहेब शाबासकी द्यायला आले तर म्हणाले, "आधी मला विचारलं असतं तर?"

असा हा माणूस एका शुक्रवारी मला म्हणाला, "उद्या करमाडला येता का? दोन माणसं लागतील."

सरांचे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. करमाडच्या विहारात वाचनालय चालवायचे. नोंदींसाठी सरांनीच तिथं संगणक बसवून दिला होता. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं, आणि आता संगणकही दहा मिनिटांत तापून बंद पडत होता. वाचनालयानं तळहाताएवढा नवा घेतला होता, पण त्याचा मिजाज वेगळा. जुन्याच्या फायली तशाच उचलून नव्यात टाकणं सरांना पटत नव्हतं. जुना चालू असतानाच त्यातल्या नोंदी साध्या मजकुरात उतरवून घ्यायच्या होत्या.

"पुस्तकांची यादी पुन्हा टाइप करू की," मी म्हणाले.

"यादी होईल. बाकीचं नाय होणार."

शनिवारी करमाडला जाऊन काम सुरू केलं, तर तीनदा संगणक मध्येच बंद पडला. शेवटी शेजारच्या घरातला कूलर मागून आणला आणि त्याचं तोंड संगणकाकडं केलं. मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत राहिले, सर पडद्यावरून नजर हलवेनात. चौथ्या वेळी सगळ्या नोंदी उतरल्या. नव्यावर, त्याच्यासाठी बांधलेल्या डब्यात, त्या बिनतक्रार बसल्या.

तेव्हा कुठं मला 'बाकीचं' दिसलं. प्रत्येक वाचकाच्या नावापुढं अण्णांनी शेरा लिहिला होता. 'पानं दुमडते. रागावू नये.' 'नजर कमी झाली आहे, मोठ्या अक्षरातलं द्यावं. आपण होऊन मागणार नाही.'

सर खाली सरकत सरकत स्वतःच्या नावाशी थांबले. 'रविवारी येतो. संगणकाविषयीच बोलतो. काहीतरी विचारत राहावं, म्हणजे जरा जास्त वेळ बसतो.'

सरांनी ते दोनदा वाचलं.

"दर रविवारी तेच तेच विचारायचे," ते म्हणाले. "मी चिडायचो. म्हणायचो, अण्णा, किती वेळा सांगू?"

काम संपलं होतं. मी कूलर परत देऊन आले, तरी सर खुर्चीतून उठले नव्हते.